डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलास भाषा व इतिहास कशासाठी?

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक चार शब्द लिहावेत, अशी चालकांनी आम्हांस आज्ञा केली. विषय निवडण्याची मोकळीकही दिली. विषय शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘एम.पी.सी. की बाय.पी.सी.?’ मुलगा इंजिनिअर होणार की डॉक्टर, एवढेच ठरावयाचे असते. एखाद्याने इतिहास, अर्थशास्त्र व नागरिकशास्त्र हे विषय घेतो म्हटले, तर त्याच्या अंगी काही उणे आहे की काय, अशा नजरेने नातेवाईक पाहू लागतात. ज्यांनी बाय.पी.सी. घेतले त्यांच्या घरीही भाषेचे पुस्तक कोपऱ्यात पडते. दुसरी भाषा कोणती घ्यावयाची याचा निर्णय ‘गुण कशात जास्त मिळतात’ एवढ्या एकाच कसोटीवर होतो. घरात जी बोलली जाते ती भाषा मुलास लिहिता येत नाही, आणि याची खंत कोणास वाटत नाही.

पालकांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा ७२० गुणांची. त्यांत भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांनाच जागा आहे, भाषेला वा इतिहासाला एक गुणही नाही. ज्याचे माप होत नाही त्याची किंमत कोण करणार? परंतु परीक्षा ही दाराची चौकट आहे. तिच्यातून आत गेल्यावर जे काम चाळीस वर्षे करावयाचे, त्याला कोणती विद्या लागते, हा प्रश्न निराळा आहे. त्याचाच येथे थोडा विचार करू.

१. मानव्यविद्या म्हणजे काय?

भाषा, वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, कला आणि माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास यांस मिळून मानव्यविद्या म्हणतात. निसर्गविज्ञान पदार्थाचा व शरीराचा अभ्यास करते. मानव्यविद्या माणसाच्या बोलण्याचा, आठवणींचा, श्रद्धेचा, भीतीचा आणि वागण्याचा अभ्यास करते. आजारी पडतो तो शरीर व मन घेऊनच पडतो, आणि घर, भाषा, पैशाची चणचण व शेजाऱ्यांची लाज ही त्याच्याबरोबरच दवाखान्यात येतात. म्हणून वैद्यकास या दोन्ही विद्या लागतात.

शब्दांची साक्ष पाहा. ‘वैद्य’ हा शब्द ‘विद्या’ या शब्दाच्या कुळातला. अरबीतून आलेल्या ‘हकीम’ शब्दाचा अर्थ शहाणा, तत्त्वज्ञ असाही आहे आणि रोग बरा करणारा असाही. बंगालात तर वैद्याला ‘कविराज’ म्हणत आले. आपल्या पूर्वजांनी हे शब्द उगाच जोडले नाहीत.

२. दवाखान्यातील ‘हिस्ट्री’

डॉक्टर रोग्यास तपासावयास बसला की प्रथम काय करतो? तो नळी कानास लावत नाही. तो विचारतो, ‘काय होते? केव्हापासून? आधी काय झाले, मग काय झाले?’ डॉक्टरांच्या भाषेत यास ‘हिस्ट्री घेणे’ म्हणतात. म्हणजे जो विषय आपण कमी हुशार मुलांचा समजून बाजूस सारतो, त्याच नावाने वैद्यकाचे पहिले काम ओळखले जाते! इतिहासकार जसा जुन्या कागदांतून खरे-खोटे निवडतो, घटनांचा क्रम लावतो आणि सांगणारा काय लपवीत आहे हे ओळखतो, तसेच डॉक्टरास रोग्याच्या बोलण्यातून करावे लागते.

याचे मोलही मोजले गेले आहे. १९७५ साली इंग्लंडमधील काही डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रोग्यांची नोंद ठेवली. त्यांपैकी ६६ जणांचे अखेरचे निदान कुटुंबडॉक्टरची चिठ्ठी व रोग्याची हकीकत यांवरूनच बरोबर ठरले होते. शरीर तपासल्यामुळे निदान बदलले असे ७ जण, आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांमुळे बदलले असेही ७ जण निघाले. आजच्या यंत्रांच्या काळात हे आकडे थोडे बदलतील. तथापि हकीकत नीट ऐकून घेणे हा निदानाचा पाया आहे, ही गोष्ट बदलत नाही.

आता आपल्या आदिलाबाद जिल्ह्याकडे पाहा. येथे तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी, बंजारा अशा किती तरी भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. समजा, उटनूरकडील गुड्यावरून एक गोंड म्हातारी दवाखान्यात आली. ती गोंडीत सांगते. तिचा नातू ते मोडक्या मराठीत सांगतो. शेजारचा कोणी ते नर्सबाईस तेलुगूत सांगतो, आणि परगावचे डॉक्टरसाहेब ते हिंदीत समजून घेऊन इंग्रजीत लिहितात. चार हातांतून गेलेल्या दुधात पाणी किती, हे सांगणे नलगे.

भाषा एक असली तरी काम सोपे होते असे नव्हे. आपल्या बायाबापड्या ‘जीव घाबरतो’, ‘अंगात कणकण आहे’, ‘कसंतरी होतं’, ‘हातपाय गळून जातात’ असे बोलतात. ‘जीव घाबरतो’ यात कधी हृदयाचा विकार असतो, कधी रक्तक्षय, कधी घरातील काळजी. ‘अंगावरून जातं’ हे शब्द तर कितीतरी स्त्रिया खाली मान घालून, शेवटी, उठता उठता उच्चारतात. ज्याने कथा-कादंबऱ्या वाचल्या, घरातील वडीलधाऱ्या माणसांचे बोलणे मन लावून ऐकले, त्यास हे शेवटचे वाक्यच खरे वाक्य आहे, हे उमगते. पुस्तकातील रोगाची नावे तेवढी पाठ असलेला ‘बाकी काही त्रास?’ असे विचारून पुढच्या रोग्यास बोलावतो.

३. पूर्वीचे विद्वान वैद्य

ही जोड नवी नाही. इब्न सिना (९८०–१०३७) यांचा ‘अल-कानून’ हा वैद्यकग्रंथ युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकविला जात होता. तेच इब्न सिना तत्त्वज्ञ होते, आणि विद्यार्थ्यांच्या लक्षात राहावे म्हणून त्यांनी वैद्यक पद्यातही लिहिले. दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८–१९२७) हे नामांकित हकीम आणि उर्दू-फारसीचे शायरही होते.

मराठी माणसांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव घेतले पाहिजे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत, १८५१ साली, ते बाहेर पडले. गरिबांस औषध देणे, महारोगावर उपाय शोधणे हे एकीकडे. आणि अजिंठ्याचे शिलालेख वाचणे, जुनी नाणी व संस्कृत हस्तलिखिते तपासणे हे दुसरीकडे. १८७४ साली निधन होईपर्यंत त्यांनी ही दोन्ही कामे केली. एकाने दुसऱ्यास बाधा आली नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनला गेले. तेथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, तीत जखमींशी बोलले आणि विद्यार्थ्यांस वैद्यक शिकविले. १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. चिनी लोक आजही त्यांचे स्मरण करतात. शस्त्रक्रिया करणारे हात चीनमध्ये इतरही होते. परक्या माणसाची भाषा आपली करून घेणारे मन मात्र दुर्मिळ असते.

मग ही जोड तुटली कोठे? विसाव्या शतकात वैद्यकाची शास्त्रीय प्रगती झपाट्याने झाली. अमेरिकेत १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून प्रयोगशाळा व विज्ञान यांवर भर देण्याचा अहवाल लिहिला. भोंदू शाळा बंद पडल्या, हे चांगलेच झाले. परंतु अभ्यासक्रमात माणसाच्या अभ्यासाला जागा उरली नाही. पंधरा वर्षांनी, १९२५ साली, खुद्द फ्लेक्सनर यांनीच वैद्यकाची सांस्कृतिक व तात्त्विक बाजू दुबळी राहिल्याची तक्रार केली. आपल्या देशात २०१९ पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेचे शिक्षण आले, आणि पुढील वर्षांत वृत्ती, नीती व संवाद यांचे ‘एटकॉम’ नावाचे पाठही आले. उशिरा का होईना, चूक ध्यानात आली. पण बारा वर्षे शाळेत जे रुजले नाही ते अशा अल्पकाळच्या वर्गात किती रुजणार? म्हणून हे काम शाळेचे व घराचे आहे.

४. प्राणहितेपलीकडील धडा

वरील उदाहरणे मोठ्या माणसांची झाली. आता हे तत्त्व खेड्यापाड्यांत कसे फळास आले, ते आपल्या शेजारीच पाहू. प्राणहिता नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. आपल्याकडचेच गोंड तिकडे राहतात. जंगल तेच, ताप तोच. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. दोघेही उच्चविद्याविभूषित, परदेशी शिकून आलेले. दवाखाना बांधण्यापूर्वी त्यांनी लोकांस विचारले, ‘तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही?’

उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. आजाऱ्याजवळ नातेवाइकांस राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात; आमच्यात पांढऱ्या कापडात मढे गुंडाळतात. तेथे आमचा देव नाही. शिकलेला माणूस या उत्तरांस हसला असता. बंग दांपत्य हसले नाही. त्यांनी दवाखाना गोंडांच्या वस्तीसारखा, सुट्या झोपड्यांचा बांधविला. आजाऱ्यासोबत घरच्यांनी राहावे अशी सोय केली. आणि लोकांच्या इच्छेने त्यास माँ दंतेश्वरीचे नाव दिले. याकरिता गोळी-इंजेक्शनात काहीही बदलावे लागले नाही.

१९८९ साली डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी जगापुढे मांडली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांस स्त्रीरोग होते. आणि आजवर त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे दुःख पूर्वीही होते, पण कोणत्याही रजिस्टरात नव्हते. बायांशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या अंगणात बसून बोलल्यावाचून ते बाहेर आले नसते. याच राणीताईंनी स्त्रिया व झाडे यांच्या नात्यावर ‘गोईण’ हे मराठी पुस्तक लिहिले, यात नवल नाही.

आणखी एक उदाहरण शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. लहान बाळास न्युमोनिया झाला की श्वास जलद होतो. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, आणि त्यावरील, वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक झाला की धोका समजावा, असा नियम आहे. पण खेड्यातील सुईण इतके मोजणार कशी? तिला शाळा माहीत नाही. तिला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. बंगांनी तसे न करता एक साधे साधन केले. मिनिटाची वाळूची घटिका व तिच्याजवळ मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा. वाळू संपण्याआधी मणी संपले तर न्युमोनिया समजावा. दहापर्यंत मोजणे सुईणीस येतच होते. विज्ञानाचा नियम तोच राहिला. तो सुईणीच्या हाताला येईल अशा रीतीने मांडला गेला. अवघड गोष्ट शिकणाऱ्याच्या ज्ञानापासून आरंभ करून सांगणे हेच अध्यापनशास्त्र, आणि तीही मानव्यविद्याच.

पुढे १९९५ ते १९९८ या काळात गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांस ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करून ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यात आली; तुलनेसाठी ४७ गावे निराळी ठेवली. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतील नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. ही पद्धत २०११ साली भारत सरकारने देशभर स्वीकारली. आज आपल्या मोहल्ल्यात बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन करणारी आशाताई, ही त्याच विचाराची लेक आहे.

५. आपल्याच भागातील धडा

गडचिरोलीचा धडा वैद्यकाचा झाला. शिक्षणाचा धडा आपल्या घरचाच आहे. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. गोंडांची जमीन व जंगल यांविषयीची गाऱ्हाणी कोणी ऐकून घेतली नव्हती, त्यातून तो उठाव झाला होता. त्यानंतर हैदराबाद सरकारने मानववंशशास्त्राचे अभ्यासक क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांस कारणे शोधण्यास सांगितले. ऑस्ट्रियात जन्मलेला हा विद्वान पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाई येथे येऊन राहिला. दोघांनी गोंडांच्या घरांत बसून त्यांचे सण, त्यांच्या देवकथा, परधानांची किकरीवरची गाणी ऐकली. पुढे हजारो आदिवासी कुटुंबांस जमिनीचे पट्टे मिळाले, त्यामागे हे ऐकणे होते.

१९४३ साली मार्लवाईला गोंड शिक्षण योजना सुरू झाली. गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार केले, आणि पहिली पुस्तके गोंडी भाषेत, नागरी लिपीत काढली. कारण त्या काळी गोंडांचा बाहेरचा व्यवहार बव्हंशी मराठीतून चाले. मुलास प्रथम आपल्या बोलीत अक्षर भेटले, मग त्या आधाराने ते दुसऱ्या भाषांकडे वळले. पुढे काळ बदलला. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या फेररचनेत किनवट व राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. गोंडी पुस्तके मागे पडली. पण मार्लवाईच्या लोकांनी हायमेनडॉर्फ पती-पत्नीच्या समाध्या आपल्या गावात जपल्या आहेत. ते डॉक्टर नव्हते. माणसे समजून घेण्याचा अभ्यास तेवढा केला होता.

हैदराबादचेही स्मरण ठेवावे. तेथे १८४६ साली निघालेल्या वैद्यकीय शाळेत शिक्षण उर्दूतून होत असे, आणि १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठासाठी तर शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणणारी स्वतंत्र भाषांतरशाळा चालविली गेली. आपल्या भाषेत शास्त्र बोलता येते, हे याच भूमीत एकदा सिद्ध झाले आहे.

६. एक शंका

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, गोड बोलून न्युमोनिया बरा होतो काय?’ नाही होत. त्यास औषधच लागते, आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूतांनीही ते दिलेच. विज्ञान कमी शिकावे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. कविता पाठ असलेला पण औषधाचे माप चुकणारा डॉक्टर कोणास नको. आमचे म्हणणे एवढेच, की औषध रोग्याच्या पोटात जाण्यापूर्वी त्याने दवाखान्यात येणे, खरे सांगणे, सांगितलेले समजणे आणि घरी गेल्यावर तसे वागणे, या चार गोष्टी घडाव्या लागतात. या चारही ठिकाणी विज्ञानाला भाषेचा हात धरावा लागतो. तो सुटला तर उत्तम औषधही कागदावर राहते.

७. घरी व शाळेत काय करता येईल?

पहिली गोष्ट, मुलास घरची भाषा लिहिता-वाचता आली पाहिजे. मग ती मराठी असो वा उर्दू. रोज एक पान मोठ्याने वाचण्यास दहा मिनिटे पुरतात.

दुसरी, शेजाऱ्याची एक भाषा शिकावी. तेलुगू शाळेत मिळतेच. गोंडीची निदान शंभर वाक्ये, ‘कोठे दुखते’, ‘केव्हापासून’, ‘भिऊ नका’ अशी, वैद्यकाकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने वहीत उतरून घ्यावीत. ती शिकविणारे आपल्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसलेले असतात.

तिसरी, एक छोटा अभ्यास. आठवीपुढील मुलाने सुट्टीत आजी किंवा आजोबांच्या एका जुन्या दुखण्याची हकीकत लिहून घ्यावी. नियम तीन : मध्ये बोलावयाचे नाही, त्यांचा शब्द बदलावयाचा नाही, आणि शेवटी वाचून दाखवून ‘बरोबर आहे का?’ असे विचारावयाचे. आम्ही वर्गात हा अभ्यास देत असतो. मुलांस पहिला नियम सर्वांत अवघड जातो. मोठमोठ्या डॉक्टरांसही तोच अवघड जातो, असे ऐकतो.

चौथी गोष्ट आपल्या संस्थेपुढे नम्रपणे ठेवतो. शिष्यवृत्ती देताना विज्ञानाचे गुण पाहावेतच. पण वैद्यकीय शिक्षणासाठी मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या भाषेत एक पानभर निबंध लिहावयास सांगावे, आणि जिल्ह्यातील दुसरी एक भाषा त्याने शिकावी अशी अट घालावी. तसेच भाषा, इतिहास वा शिक्षणशास्त्र घेऊन पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी दरसाल एखादी तरी शिष्यवृत्ती राखून ठेवावी. मुलींचा येथे विशेष उल्लेख करतो; आपल्या स्त्रियांची कितीतरी दुखणी एखाद्या स्त्रीपुढेच बोलली जातात.

आदिलाबादला २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या मुलांस आता त्या विद्येसाठी हैदराबाद-नागपूरची वाट धरलीच पाहिजे असे नाही. येत्या वर्षांत आपल्या समाजातून, आपल्या जिल्ह्यातून डॉक्टर निघतील आणि याच जिल्ह्यातील रोगी त्यांच्यापुढे बसतील. तेव्हा गुड्यावरून आलेल्या म्हातारीची हकीकत चार हातांतून न जाता सरळ त्यांच्या कानी पडावी, एवढी तयारी आजपासून आपल्या घरांत व शाळांत व्हावी, ही या मंगल प्रसंगी आमची इच्छा.